पाचला उठू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४७ वर्षांची, राहायला बेळगावात, अनगोळला. मिस्टर उद्यमबागेत एका फौंड्रीत आहेत. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. मुलगी लग्न होऊन चंदगडला गेली, मुलगा पुण्याला नोकरीला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय, भांडणतंटा नाही. तरी कशात मन लागत नाही. रडू येतं असंही नाही, पण कशाचं काही वाटतच नाही. सासूबाई म्हणतात, "सगळं आहे की गं, आणि काय पायजे तुला?" त्यांचं खोटं नाही, म्हणून मलाच अपराधी वाटतं.

जावेनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. सुखी माणसाच्या दहा सवयी. पाचला उठा, कोमट पाणी प्या, ध्यान करा, डायरीत रोज आभाराच्या गोष्टी लिहा, आरशात बघून स्वतःशी चांगलं बोला, असं. दोन-तीनदा सुरू केलं. चार दिवस जमतं. मग दुसरी शिफ्ट आली की झोपायलाच बारा-साडेबारा होतात आणि पाचला उठवत नाही. एक चुकलं की सगळंच सुटतं. आता जाव म्हणते, असाच एक ऑनलाइन कोर्स आहे, साडेचार हजाराचा, दोघी मिळून करूया.

आधी मी गल्लीतल्या भजनी मंडळात जात होते. मुलाची बारावी आली म्हणून सोडलं, मग कोरोना आला, राहून गेलं. भिशीही सुटली.

अगदी साध्या, जमतील अशा सवयी सांगा. आणि कोर्स करू की नको?

एक वाचक, अनगोळ

नमस्कार.

पहिलं काम आजच्या आज करा. मोबाईलमधला पाचचा गजर काढून टाका.

हिशेब सरळ आहे. दुसरी शिफ्ट रात्री अकराच्या सुमारास सुटते. यजमान घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून होईस्तोवर बारा. ओटा आवरून तुम्ही आडव्या होता साडेबाराला आणि पाचला उठून ध्यानाला बसता. म्हणजे साडेचार तास झोप. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१५ मध्ये तोवरचं संशोधन चाळून सांगितलं, आणि आपल्या गल्लीतला डॉक्टरही काही वेगळं सांगणार नाही. झोप कमी पडली की माणूस चिडचिडा होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. चांगल्या गोष्टीचाही आनंद तितकासा होत नाही, हे मात्र पटकन ध्यानात येत नाही. लेकीचा फोन येतो, बातमी चांगली असते, आणि आपण "हं, बरं" म्हणून ठेवून देतो. तुमच्या पत्रातल्या तक्रारीत किती वाटा निव्वळ झोपेचा आहे, हे तुम्ही दोन-तीन आठवडे पोटभर झोपल्याशिवाय कळायचं नाही. व्हिडिओतल्या त्या तरुण पोराला ना फौंड्रीची शिफ्ट, ना नळाला पाणी कधी सुटतंय याची वाट बघायची. त्याने खुशाल पाचला उठावं.

पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात डब्यासाठी तुम्हाला लवकर उठावंच लागणार. तेव्हा रात्री दहाच्या आत दिवा मालवा. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सात-साडेसातपर्यंत झोपा. सासूबाईंचा चहा थोडा उशिरा झाला तर काही बिघडत नाही. त्या कुरकुरतील, चार दिवसांनी सवयीचं होईल. दुपारी डोळा लागत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जरूर पडा, पण तीनच्या आत. उठल्यावर दार उघडून उजेडात उभं राहा, चहाचा कप अंगणात किंवा गच्चीवर घ्या. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, आणि दर आठवड्याला वेळ बदलणाऱ्या घराला तर त्याची जास्तच गरज.

रात्री यजमानांसाठी जागता ते मात्र सोडा म्हणणार नाही. तुमचं जेवण आठला सासूबाईंबरोबर होऊ दे. ते जेवायला बसले की समोर बसा, दोघांचे फोन आतल्या खोलीत ठेवून. भट्टीजवळ आठ तास काढून आलेला माणूस पहिली दहा मिनिटं काही बोलत नाही. मग बोलतो.

आता त्या दहा सवयी. तुम्ही आळशी नाही, दहा गोष्टी एका सोमवारी सुरू करणारं कोणीही शुक्रवारपर्यंत थकतं. वर आणि "२१ दिवस करा, अंगवळणी पडेल" असं सांगून ठेवलेलं असतं. हा आकडा कुठून आला? एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं "निदान" गळालं आणि चेहऱ्याचा आकडा सगळ्या आयुष्याला लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ९६ जणांचा अभ्यास छापला, त्यात प्रत्येकाने एकच नवी गोष्ट घेतली होती. ती आपोआप व्हायला लागायला मधला काळ निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ वर गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायाम उशिरा. तुमच्या कामाची गोष्ट त्यात आणखी एक आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तुमचा खरा घात तिथेच होतोय. एक दिवस चुकला की तुम्ही वहीच मिटून टाकता.

तेव्हा एका वेळी एक, आणि ती रोजच्या ठरलेल्या कामाला बांधलेली. "वेळ मिळाला की" म्हटलेली सवय बसत नाही, बायकांना वेळ मिळत नसतो. "देवाला दिवा लावला की" म्हटलेली बसते.

पण माझं मुख्य म्हणणं हे नाही. त्या दहा गोष्टी परत एकदा वाचून बघा. ध्यान एकटीनं, डायरी एकटीनं, आरशासमोर एकटीनं, कोमट पाणी एकटीनं. सगळं दार लावून, स्वतःला दुरुस्त करायला. आता तुमचं पत्र बघा. दहा सवयींना तुम्ही अख्खा परिच्छेद दिलात आणि भजन-भिशीला तीन छोटी वाक्यं, तीही शेवटी, जाता जाता. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन वाक्यांत आहे. तुमच्या घरातून गेल्या काही वर्षांत लेक गेली, मुलगा गेला, मंडळ गेलं, भिशी गेली. दिवसाकाठी ज्या पंधरा-वीस माणसांशी बोलणं व्हायचं ती दोनवर आली, त्यातलं एक माणूस अर्धा वेळ कारखान्यात. त्यावर उपाय म्हणून तुम्ही आणखी एकटं बसायचं औषध घेताय.

हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून आजवर चालू आहे, तीच माणसं आणि आता त्यांची मुलं धरून. सुरुवातीला त्यात बाई एकही नव्हती आणि सगळे अमेरिकन, त्यामुळे मी तो वेदवाक्य मानत नाही. तरी इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पन्नाशीत ज्यांचे जवळच्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट राहिले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून तेवढा अंदाज बांधता आला नाही. आपल्याकडच्या आज्या हे फुकट सांगत होत्या, पण त्यांचा व्हिडिओ नव्हता.

भजनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे परत जायला तुम्हाला संकोच वाटत असणार. इतक्या वर्षांनी कसं जायचं, नव्या बायका आल्या असतील, आवाज बसलाय, पाठांतर गेलंय. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या वर्गांची तुलना छापली होती. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. महिने गेले तशी सगळ्याच वर्गांत ओळख वाढली, पण गाणाऱ्यांची आपसात जवळीक फार लवकर झाली, पहिल्या महिन्यातच. एकमेकींचं नावगाव नीट कळायच्या आधी. एका सुरात, एका तालात श्वास घ्यायला लागलं की अनोळखीपणा सुटतो, असं त्याचं कारण दिलं जातं. हरिपाठाला उभं राहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. टाळ हातात आला की पावलं आपोआप पडतात आणि शेजारची कोण, कुठली, तिच्या घरी काय चाललंय, हे नंतर कळतं.

म्हणून पहिल्या दिवशी गाऊ नका. येत्या एकादशीला जा, मागच्या रांगेत बसा, टाळ घ्या. पेटीवर कोण आहे बघा, गवळण कोण म्हणतंय ऐका. ज्या मैत्रिणीमुळे तुम्ही पहिल्यांदा गेला होतात तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा, "मी येणार आहे, जागा धर." म्हणजे ऐन वेळी पाय मागे येणार नाही. आणि तिथलं राजकारण, कोण पुढे बसतं, नवरात्रातल्या स्पर्धेला साड्या कोणत्या रंगाच्या, यात पहिले तीन महिने पडू नका. नंतर पडा. त्यातही मजा असते.

भिशीचं मला विशेष वाटतं. पैसे बाजूला ठेवा, हजारपाचशेच्या भिशीत कोण श्रीमंत होतंय? भिशीची गंमत तिच्या ठरलेल्या तारखेत आहे. "एकदा भेटूया गं" म्हटलेल्या बायका वर्षानुवर्षं भेटत नाहीत. भिशीची तारीख आली की कुणी कुणाला आमंत्रण द्यावं लागत नाही, घर कोणाचं ते ठरलेलं, जायचं कारण नवऱ्याला सांगायला सोपं, आणि नाही गेलात तर चार जणी विचारतात. जुनी भिशी भरली असेल तर गल्लीतल्या सहा जणींची नवी काढा. दरमहा दोनशे रुपयांची काढली तरी चालेल. फक्त खाण्याची चढाओढ होऊ देऊ नका, पहिल्याच महिन्यात ठरवून टाका: चहा आणि एक पदार्थ. नाहीतर चौथ्या महिन्यात कुणीतरी तीन प्रकार करते आणि पाचवीला पाळी नकोशी होते.

पुरुषांचं बघा. आपल्या भागात १९५६ पासून कट्ट्याकट्ट्यावर सीमाप्रश्नाची चर्चा चालू आहे. प्रश्न जिथल्या तिथे आहे, पण त्या निमित्ताने संध्याकाळी घरातून निघून चार माणसांत बसायची पुरुषांची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली. बायकांना असं निमित्त दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

जवळच्या माणसांइतकीच गरज अर्धवट ओळखीच्या माणसांची असते, हे आपण धरत नाही. भाजीवाली, दूधवाला, बसमधली शेजारीण. शिकागोतल्या, २०१४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लोकल गाडीने कामावर जाणाऱ्यांना तीन गटांत विभागलं. एका गटाने शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं, तिसऱ्याने नेहमीसारखं. बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत सुखाचा झाला. आधी विचारलेल्यांचा अंदाज मात्र उलटा होता, बोलावं लागलं तर कंटाळा येईल असं त्यांना वाटत होतं. अनगोळहून शहरात येणाऱ्या बसमध्ये पूर्वी हे प्रयोग न करताच व्हायचं. आता पंचवीस बायका आणि पंचवीस मोबाईल.

येळ्ळूर, कडोली, उचगावहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका दारावर येतात ना? दहा रुपयांसाठी घासाघीस कमी करा आणि "यंदा पाऊस कसा, भात लावून झालं काय?" एवढं विचारा. येळ्ळूरच्या बासमतीचा विषय काढलात तर ती बाई पाटी खाली ठेवूनच बोलेल. कन्नड बोलणारी असेल तर तोडकंमोडकं का होईना, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणा. तुमच्या उच्चाराला ती हसेल, तुम्हीही हसाल. दोन्ही भाषांत शेजार करायची सोय आपल्याकडे घराच्या उंबऱ्यावर आहे, ती पुण्यात तुमच्या मुलाला नाही.

चालण्याचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. अनगोळहून व्हॅक्सिन डेपो लांब नाही, आणि शहरात इतकी झाडी दुसरीकडे राहिलीही नाही. एकटीनं जाऊ नका, शेजारणीला घ्या. तिला वेळ दिलेली असली की अंथरुणातून उठायला कारण मिळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात फिरणं बंद पडणार हे आधीच धरून चाला, त्याला चुकलं म्हणू नका. त्या दिवसांत तोच अर्धा तास तिच्या पडवीत बसा.

सासूबाईंचं बोलणं लागतं तुम्हाला. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण माणसाचं मन मिळालेल्या गोष्टीला फार लवकर सरावतं. कर्ज फिटल्याचा आनंद किती महिने टिकला, आठवून बघा. सगळं असूनही काही न वाटणं ही कृतघ्नता नसते, मनाची रीतच तशी आहे. म्हणून "सगळं आहे की" याला उत्तर देत बसू नका. त्याऐवजी त्यांना कामाला लावा. बेळगावकडच्या त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना मांडे करायचं ठाऊक असतं, पालथ्या घड्यावरचे. "मला शिकवा, माझ्यानं होत नाही" म्हणा. पहिले चार फाटतील, त्या तुम्हाला बोलतील, पण त्या दिवशी घरात दोन बायका एका कामात असतील. म्हाताऱ्या माणसाला दिवसातून एकदा कुणीतरी काहीतरी विचारावं लागतं. नुसतं "औषध घेतलं का?" हे विचारण्यात धरू नका.

मुलाला रोज फोन करून "जेवलास का?" विचारता ना? तो "हो" म्हणतो आणि संपतं. त्यापेक्षा आठवड्यातून एक वार ठरवा, आणि त्याच्याकडे काहीतरी काम मागा. बँकेचा फॉर्म वाचून घ्या, त्याच्या खोलीतल्या मुलांना आमटी कशी येते विचारा, नाहीतर फोनवर त्याच्याकडून पिठलं करून घ्या. मुलं सल्ल्याला कंटाळतात, कामाला नाही.

डायरी. ती ठेवायचीच असेल तर रोज ठेवू नका. अमेरिकेतल्या सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा अशा गोष्टी लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्याला तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज रोज तेच लिहिलं की त्याचं पाढे म्हणणं होतं. रविवारी रात्री दोन ओळी पुरेत. आणि त्या ओळीत एखाद्या माणसाचं नाव आलं तर वही मिटून त्या माणसाला फोन करा. तुमच्या आजारपणात डबा पाठवणाऱ्या शेजारणीला तुमच्या वहीतलं तिचं नाव कधी कळणार?

आरशात बघून स्वतःशी चांगलं बोलणं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना जमतं त्यांनी करावं.

हिवाळा आला की कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी गावाचं जेवण, मग भाषणं, कविसंमेलन. साहित्य आवडतं की नाही हा प्रश्नच नाही, मांडवात दिवसभर बसून यावं. गणपतीत तर गल्लीत तुमच्या दारातच मांडव असतो. आरतीला दारात उभं राहण्याऐवजी प्रसाद वाटायला घ्या, पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीशी बोलून होतं.

आता एक गोष्ट जी सवयींनी सुटत नाही. वय ४७. पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घाम येऊन जाग येत असेल, पाय ओढत असतील, तर डॉक्टरकडे जा आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. या वयात थायरॉइड मंदावलेलं असलं किंवा रक्त कमी असलं की माणूस नेमकं तुमच्यासारखंच बोलतो, "कशात मन लागत नाही." गोळीने जे बरं होतं त्यासाठी स्वतःला बोल लावत बसू नका.

आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक सारा दिवस असंच राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, पूर्वी आवडायचं ते काहीच आवडत नसेल, आपण कुणाला नकोच असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यालाही औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीसह अनेक भाषांत. समोरासमोर दाखवायचं तर धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदाही मनात आला असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो नंबर लावा आणि यजमानांना सांगा.

राहिला कोर्स. तुमचे साडेचार आणि जावेचे साडेचार, नऊ हजार झाले. कोर्स करू नका. त्यात सांगतील ते बहुतेक त्या व्हिडिओतलंच असेल, आणि तेही एकटीनं मोबाईलसमोर बसून. पण जावेला नुसतं "नको" म्हणू नका. ती बिचारी व्हिडिओ पाठवते, कोर्समध्येही तुमची सोबत मागते. माझा तर्क असा की तिचंही तुमच्यासारखंच झालंय.

२००८ मध्ये कॅनडात एक छोटा प्रयोग झाला. लोकांना सकाळी पाकिटात ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितलं स्वतःवर खर्च करा, काहींना सांगितलं दुसऱ्या कुणावर करा, सगळे पैसे संध्याकाळी पाचच्या आत संपले पाहिजेत. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त खुशीत होते, आणि पाच काय, वीस काय, रकमेने फरक पडला नाही. तेव्हा नऊ हजार लागत नाहीत. जावेला आणि सासूबाईंना घेऊन एक दिवस कणकुंबीला जा. मलप्रभेचा उगम बघा, माउली देवीचं दर्शन घ्या, जेवण-चहाचा खर्च तुम्ही करा. परत येताना खिडकीशी सासूबाईंना बसवा आणि जावेशेजारी तुम्ही बसा, भजनी मंडळात येतेस का हे तिला तिथेच विचारून टाका.

जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये कर्नाटकच्या बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे जायचा-यायचा खर्च शून्य. मात्र पावसाळ्यात जाणार असाल तर जांबोटीच्या पुढे छत्री टिकत नाही, रेनकोट न्या. आणि तिघींची आधारकार्डं बरोबर ठेवा, कंडक्टर विचारतो.